दारातलं ओलं लुगडं

वैशाखात लहान पोराची मान आधी बघावी. तोंडावर काही दिसत नाही. मानेच्या वळीत, कानामागं, काखेत, लंगोटाची नाडी बसते तिथं बारीक तांबडे कण उठतात. बोट फिरवलं तर रव्यासारखी खरखर लागते. पोर धड रडत नाही. कुरकुरतं, डोकं उशीवर इकडून तिकडं घासतं, दूध अर्ध्यात टाकतं. गेल्या आठवड्यात नातवाच्या मानेवर बोट फिरवलं आणि ती खरखर लागली.

"आलं," मी म्हणालो.

"काय आलं, बाबा?" सुनेनं विचारलं.

"घामोळं. उन्हाळा आला."

नातू आठ महिन्यांचा आहे. माझ्या मुलाचं, दीपकचं, उशिरा झालेलं पोर. सून अश्विनी घरी बसूनच कंपनीचं काम करते, कानात ती बटणं घालून. आमची लालबागची चाळ पाडली आणि त्याच जागेवर उंच इमारत उभी केली, तिच्यात चौदाव्या मजल्यावर आम्हाला जागा मिळाली. एवढ्या उंचावर वारा फुकट मिळायला हवा. पण शेजारी दुसरी इमारत उठतेय, तिचा धुरळा येतो, म्हणून खिडक्या बंद. वारा काचेवर येऊन आपटतो आणि परत जातो. माझी बायको, म्हणजे आमच्या थोरल्या मुलीची, शैलाची आई, ह्या जागेत फार राहिली नाही. गेल्या दिवाळीनंतर गेली. जाताना म्हणाली होती, बाळाला सांभाळा. मी काय सांभाळणार. मला गिरणीतला साचा, म्हणजे कापडाचा माग, सांभाळता येतो, आणि साचे तर कधीच भंगारात गेले.

तर घामोळं आलं, आणि त्याच आठवड्यात एसी बिघडला. दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो. अश्विनीनं मोबाइलवर वाचून पोराला खोबरेल चोपडलं, वर पावडर मारली. पोर पिठात घोळवलेल्या बोंबलासारखं दिसायला लागलं. मी म्हणालो, हे राहू दे, माझ्याकडं उपाय आहे. पलंगावरची जुनी चादर भिजवली, पिळली, हॉलची खिडकी जराशी उघडून तिच्यावर टांगली, आणि पंखा तिच्यासमोर आणून ठेवला.

थोड्या वेळानं अश्विनी म्हणाली, "बाबा, ही चादर काढू या का? कोंदट होतंय."

"तुला काय माहीत? तुझ्या नणंदेला ह्याच्यावरच वाढवलीय."

ती परत कामाला बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली, जरा वेगळ्या तऱ्हेनं. मीही वेगळ्या तऱ्हेनं नाही म्हणालो. चादर सुकली की मी पुन्हा भिजवायचो.

मग तिनं दुसरं काढलं. "बाबा, आईंचं एखादं जुनं सुती लुगडं असेल ना? बाळाखाली अंथरायला मऊ लागतं. हे विकतचे कपडे गरम होतात."

लुगडं होतं. एकच. हिरवं, धुऊन धुऊन शेवाळी झालेलं. मी ते उशीखाली ठेवतो. म्हणालो, "आहे, पण ते फाडायचं नाही."

"बरं," ती म्हणाली आणि कानात बटणं घातली.

शैलाला ओल्या कापडावर वाढवली हे मी खोटं बोललो नव्हतो. गिरण्यांच्या संपाच्या वर्षाची गोष्ट. थंडीत संप सुरू झाला, तेव्हा आम्हाला वाटलं होतं शिमग्यापर्यंत मिटेल. शिमगा गेला, पाडवा गेला. चाळीतली अर्धी बिऱ्हाडं गावाला निघून गेली, दारांना कुलपं लागली. आम्ही खेडकडचे, गावाला घर होतं, पण मी गेलो नाही. आज उद्या गिरणी सुरू होईल आणि मी नसेन, असं वाटायचं. माझ्या हट्टापायी तीही राहिली, आणि चार-पाच महिन्यांची शैला.

त्याआधी मी माझी खोली दिवसाची अशी बघितलीच नव्हती. पहिल्या पाळीला गेलो तर येऊन जेवून झोपायचं, रात्रपाळी केली तर सकाळी येऊन झोपायचं. खोली म्हणजे झोपायची जागा. संपात पहिल्यांदा कळलं की दुपारी पत्रा तापतो तेव्हा भिंतीला हात लावला तर भाजतो. कळलं की बायकांना दुपारी दार लोटून घटकाभर पडायला लागतं, आणि आम्ही बाप्ये घरात बसलो की त्यांना पाय पसरायला जागा उरत नाही. अख्ख्या चाळीत बाप्ये नुसते गॅलरीत उभे. कुणी कठड्यावर बोटं वाजवतोय, कुणी चौथ्यांदा दाढी करतोय. हातांना सवय कामाची. साच्यावर धागा तुटला की बोटं आपोआप गाठ मारतात. तशी माझी बोटं घरात बसल्या बसल्या चटईच्या सुटलेल्या काडीला गाठ मारत राहायची. शैलाची आई बघत असायची.

मला घामोळं आलं नाही असं एक वर्ष गेलं नाही. साचेखात्यात कामाला लागल्यापासून पाठीवर, कमरेला, मानेवर, बारा महिने. साच्याला दमट हवा लागते. हवा सुकी पडली की सूत तुटतं. म्हणून वरच्या नळांतून पाण्याचा बारीक फवारा सोडायचे, खिडक्या बंद. आत शिरलं की ओल्या गोणपाटात डोकं घातल्यासारखं वाटायचं. पण साचे मात्र सुरळीत चालायचे. घरी आलो की शैलाची आई काथ्याच्या घासणीच्या मागच्या बाजूनं पाठ खाजवून द्यायची. संप सुरू झाला आणि थोड्या दिवसांत माझी पाठ साफ झाली. इतकी साफ की मला करमेना. आणि उन्हाळ्यात तेच कण शैलाच्या पाठीवर उठले. मी थट्टेत म्हणायचो, "माझं घामोळं हिनं घेतलं." हे बोलत होतो तेव्हा त्यातलं खरं माझ्या हातात होतं. मला ओळखता आलं नाही. चौथी शिकलेला माणूस, पण शिक्षणाचा काय संबंध? पाठ माझीच होती.

उपाय तर सगळी चाळ सांगत होती. शैलाची आई सहाणेवर चंदन उगाळायची, खोड बोटाएवढं उरलं होतं. कडुलिंबाचा पाला घालून पाणी उकळायची, गार करून त्यानं पोरीला पुसायची. कोपऱ्यावर कलिंगडवाला बसायचा. त्याच्या पाटीतल्या साली ती मागून आणायची आणि सालीचा पांढरा भाग शैलाच्या पाठीवर फिरवायची. ताडगोळेवाल्याकडून सोललेली सालं आणायची. ती पातळ, ओलसर सालं पोरीच्या मानेवर चिकटवली की पोर डोळे मिटायची. मी विचारलं होतं, "नुसती सालंच आणतेस?" म्हणाली, "सालीतच गुण असतो." ताडगोळा तिला फार आवडायचा.

मग एके दिवशी मला सुचलं. धागा सुकला की तुटतो, ओल दिली की मऊ राहतो. पोरीची कातडी धाग्यासारखीच तर होती. मी उठलो, दोरीवरचं तिच्या आईचं लुगडं ओढलं, बादलीत बुडवलं, पिळलं आणि दाराच्या वरच्या दोन खिळ्यांवर टोचून टांगलं. खाली जमिनीला टेकेल असं. गॅलरीतून येणारा वारा त्यातून गाळून येईल आणि गार होईल. झरोक्याला आईचाच जुना परकर भिजवून लावला. खोलीत हिरवा अंधार झाला. जमिनीवर पाणी ठिबकायला लागलं. शैलाची आई नळावरून आली, दारात लुगडं बाजूला करून आत शिरली आणि उभी राहिली. एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडं.

"गार वाटतंय ना?" मी विचारलं.

"वाटतंय हो," ती म्हणाली.

संपात मी केलेलं तेवढंच काम. पण काम म्हणून केलं. लुगडं सुकलं की पुन्हा भिजवायचं, पुन्हा पिळायचं, कुठून सुकतंय त्यावर लक्ष ठेवायचं. मधला भाग आधी सुकतो, काठ शेवटी. मी साच्यावर उभं राहावं तसा दारात उभा राहायचो. शेजारचे बाप्ये बघून जायचे. एकानं आपल्या दारात गोणपाट बांधलं. मला जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, झाल्यासारखं वाटलं. पाणी ती पहाटे नळावर रांग लावून आणायची, ते मला तेव्हा पाणीच वाटायचं, नुसतं पाणी.

दुपारी जेवणं झाली की ती शैलाला उचलायची आणि निघायची. "जरा शेवंता वहिनींकडं बसते."

मी चिडायचो. "इथं एवढं गार केलंय, आणि तू निघालीस चकाट्या पिटायला?"

"बाईमाणसाला बोलायला कुणीतरी लागतं हो."

"मग पोरीला ठेवून जा."

"ती उठली की रडेल. तुम्हाला झोपू देणार नाही."

मी एकटा बसायचो, त्या हिरव्या अंधारात, पाणी ठिबकत असलेल्या खोलीत. मनात म्हणायचो, बायकांना किंमत नाही. ती परत यायची ती ऊन उतरल्यावर. शैला शांत झोपलेली असायची, आणि मी म्हणायचो, "बघ, इथंच ठेवलं असतंस तर आणखी झोपली असती."

वळवाच्या आधीच शैलाची पाठ साफ झाली. मी ते सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर चाळीस वर्षं सांगत आलो. गिरणी पुन्हा मिळाली नाही. गिरगावात एका छापखान्यात कागदाची रिमं उचलायला लागलो, तिथं सांगितलं. पुतणीच्या बारशात सांगितलं. शैलाची पोरं झाली तेव्हा जावयाला दारात धोतर कसं बांधायचं ते हातवारे करून दाखवलं. मी सांगत असायचो आणि शैलाची आई चहाचे कप गोळा करत असायची. कधी कुणी तिला विचारायचं, "खरंच, काकू?" ती म्हणायची, "ह्यांनी फार केलं हो त्या वर्षी."

परवा नातवाला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. मीही गेलो. बाईंनी पोराला उघडं केलं, मान बघितली, तेल-पावडरीचा लगदा बघितला आणि अश्विनीला म्हणाल्या, "हे सगळं बंद. साध्या गार पाण्यानं अंघोळ, अंग टिपून कोरडं, पातळ सुती कपडा. घरात तर उघडंच राहू द्या. वारा लागला की आपोआप जातं. पिवळे फोड आले किंवा ताप आला तर लगेच घेऊन या, नाहीतर काही लावू नका."

मी म्हणालो, "खिडकीला ओली चादर लावलीय मी."

त्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत. "आजोबा, ते नागपूरला चालतं. तिथं हवा सुकी असते. मुंबईची हवा आधीच ओली, त्यात तुम्ही आणखी ओल घातलीत तर घाम सुकणार कुठं? घाम सुकला नाही की घामोळं वाढतं. आधी ती चादर काढा."

अश्विनीनं माझ्याकडं बघितलं नाही. दुसरी सून असती तर बघितलं असतं. टॅक्सीत पोर तिच्या मांडीवर होतं आणि मी बाहेर बघत होतो. लालबागच्या पुलाखाली कलिंगडाची गाडी उभी होती. मला एकदम माझ्या पाठीचं आठवलं. साचेखात्यातली ओली हवा, बारा महिन्यांचं घामोळं. संपात ते गेलं, कारण मी त्या ओलीतून बाहेर पडलो होतो. आणि तीच ओल मी पोरीसाठी घरात आणून बांधली होती.

मग शैलाची पाठ साफ झाली कशी?

शेवंता वहिनी अजून आहेत. चाळीत आमच्या बाजूच्या खोलीत होत्या, आता ह्याच इमारतीत नवव्या मजल्यावर, मुलाकडं. गुडघे गेलेत, कान शाबूत. मालवणकडच्या, बोलणं अजून गावचंच. घरी पोचताच मी तसाच लिफ्टनं खाली गेलो. त्या लसूण सोलत बसल्या होत्या.

"येवा भावोजी. आज वाट चुकलास?"

"वहिनी, संपाच्या उन्हाळ्यात ही शैलाला घेऊन रोज दुपारी तुमच्याकडं बसायची. आठवतंय?"

"माझ्याकडे खंय? माझी खोली तुमच्यापेक्षा उन्हात. आमी बसत होतो जिन्याच्या तोंडार. थंय वारो होतो." त्यांनी हातानं दाखवलं, जिना अजून तिथंच असल्यासारखा. "चटई घालून पोराक उघडां टाकीत होतो. पायांवरसून वारो जाय, आणि पोर काय झोपत होतां."

"मग मला का नाही सांगितलं तिनं?"

वहिनींनी लसणीची पाकळी सोलली, फुंकून साल उडवली. "तुमका कोण सांगतलो? तुमी दारात पहारेकऱ्यासारखे उभे. मी म्हटलंय तिका, काढून टाक गे तां फडकां, पोर शिजता आत. ती म्हणाली, नको गे. सगळां गेलां त्यांच्या हातातसून. एवढां एक काम रवलां. तां काढलंय तर ते दिवसभर काय करतले?"

वहिनींना वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून त्या आणखी मोठ्यानं बोलल्या.

"आणि लुगडां कोणाचां होतां? तिचांच ना? घरात नेसूक तिच्याकडे दोन. एक तुमी दारात बांधलास. मग दुसरां धुतलां की ओलांच नेसायची. वाऱ्यार बसून अंगावरच सुकवायची. कमरेक कितकी घामोळां उठली होती तिच्या, ठाऊक हा तुमका? माझ्याकडसून सालां घेऊन लावी, कलिंगडाची."

मला ठाऊक नव्हतं. एका खोलीत, दहा बाय बाराच्या, मी शैलाच्या पाठीवरचा एकेक कण ओळखत होतो. तिच्या कमरेवर काय उठलंय ते मला शेजारणीनं सांगावं लागलं, आणि तेही ती गेल्यावर.

"चहा करूक सांगू?" वहिनींनी विचारलं.

"नको."

"घेवा. शैलाची आई काय आता रागावूक येतली, चहा घेतलास म्हणून?"

चहा घेतला. लसणीचा वास लागलेला होता.

वर येईपर्यंत मला तिचाच राग येत होता, खरं सांगायचं तर. एकदा म्हणायला काय झालं होतं? अहो, हे काढा, पोर उकडतंय. एवढंच. मी एक दिवस फुगलो असतो आणि काढलं असतं. चाळीस वर्षं मी लोकांना सांगत हिंडलो आणि ती कप गोळा करत राहिली. एखाद्या वेळी, म्हातारपणी, दोघंच असताना हसत हसत सांगायचं. मीही हसलो असतो. त्या दुपारी मीही जिन्याच्या तोंडाशी जाऊन बसलो असतो, तिघं बसलो असतो चटईवर. त्या उन्हाळ्याच्या सगळ्या दुपारी मी एका भिंतीच्या ह्या बाजूला बसलो आणि त्या दोघी त्या बाजूला. गिरणी गेली त्याची हळहळ मला आता वाटत नाही. त्या दुपारींची वाटते. तेव्हा तर मला कुठं जायचंही नव्हतं.

दार अश्विनीनं उघडलं. खिडकीवर चादर तशीच होती. वहिनींकडं निघताना घाईत काढायची राहिली होती, आणि माझ्या मागं तिनं हात लावला नव्हता. कोपरे अजून ओले होते.

मी काढायला गेलो आणि हात थांबला. ह्याच पोरीनं मला सरळ सांगितलं होतं, काढू या का म्हणून. एकदा नाही, दोनदा. मी काढली नव्हती. उलट तिचं तोंड बंद केलं होतं. म्हातारा होऊन, काम ना धंदा, कुठं काही गमवायचं उरलेलं नसताना काढली नव्हती. मग संपातला मी, तेहतीस वर्षांचा, रिकाम्या हातांचा, मी काढलं असतं?

शैलाच्या आईला उत्तर माहीत होतं. तिनं विचारण्यात वेळ घालवला नाही. पोरीला उचललं आणि वाऱ्यावर नेलं.

चादर काढली. अश्विनीनं खिडकी सताड उघडली. धुरळा आला तर पुसू, म्हणाली. पोराला तिनं उघडं करून सतरंजीवर टाकलं. सतरंजी खरबरीत, पोर पाठ घासायला लागलं. मी आत गेलो, उशीखालून लुगडं काढलं आणि बाहेर आणलं.

"बाबा, ते राहू द्या," अश्विनी म्हणाली. "मी दुसरं बघते काहीतरी."

"कात्री दे."

"फाडायचं नाही म्हणाला होतात."

"दे गं."

आमच्याच गिरणीतलं कापड. माझ्या साच्यावरचं नसेल, पण आमच्या खात्यातलं. हेच त्या वर्षी दारात होतं. दोन टोकांना खिळ्यांची भोकं आहेत, तिनं बारीक टाके घालून बुजवलेली. मी भोकं इतकी वर्षं बघत होतो, कधी विचारलं नव्हतं कशाची. कापड फाडायचं तर काठाला चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी सरळ ओढायचं, आडव्या धाग्याच्या बाजूनं. मग ते धाग्यावरच चालतं, वाकडं जात नाही. काठ तेवढा कात्रीनं कापला, बाकी हातानं ओढलं. नवं कापड फाडताना करकरतं. हे करकरलं नाही. नुसता श्वास सोडल्यासारखा आवाज झाला. चार तुकडे केले. टाके घातलेलं एक टोक बाजूला ठेवलं, बाकी अश्विनीला दिलं.

"धुऊन घेऊ?" तिनं विचारलं.

"धू. पण इथं खिडकीत घालू नकोस. गच्चीवर घाल, उन्हात."

ती धुऊन गच्चीवर घालून आली. मी पोराजवळ बसलो, विंझणा हळू हलवत. वारा पायांवरून जाईल असा. पोर माझ्या हाताकडं बघत होतं. ऊन उतरायच्या आत मी स्वतः लिफ्टनं वर गेलो, दोरीवरून तुकडे काढले. तिथंच उभं राहून एकेक गालाला लावून बघितला. एका तुकड्याचा काठ अजून जरासा दमट होता. तो पुन्हा दोरीवर टाकला आणि तो सुकेपर्यंत तिथंच थांबलो.